सराव परीक्षांतील पठारावस्था

सराव परीक्षांतील पठारावस्था म्हणजे पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या प्रवेश परीक्षेची तयारी चालू असताना, अभ्यासाचे तास कमी झालेले नसतानाही सराव परीक्षांचे गुण दीर्घकाळ एकाच पातळीभोवती घोटाळत राहण्याची स्थिती होय. कॅट, गेट, जीआरई, एलसॅट आणि महाराष्ट्राची एमबीए सीईटी अशा परीक्षांचे उमेदवार बोलताना या स्थितीला ‘मॉकचे मार्क अडकले’ असे म्हणतात. मराठीतील मानसशास्त्राच्या आणि अध्यापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत अध्ययन वक्राच्या सपाट भागासाठी ‘पठार’ किंवा ‘पठारावस्था’ हे शब्द रूढ आहेत.

गुण थांबले म्हणजे शिकणे थांबले, असा अर्थ उमेदवार आणि त्याचे कुटुंबीय सहसा लावतात. प्रत्यक्षात सारख्याच दिसणाऱ्या गुणांमागे तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. प्रगती होत असते, पण मापनाच्या चढउतारात ती दिसत नाही. किंवा कौशल्य एका थरावरून वरच्या थरावर जाण्याच्या मधल्या काळात असते. किंवा अभ्यासाची पद्धतच अशी असते की तिच्यातून आणखी काही निष्पन्न होण्यासारखे उरलेले नसते. तिन्हींवरचे उपाय वेगळे, काही वेळा परस्परविरोधी आहेत. म्हणून या विषयात उपायापेक्षा निदानाला अधिक महत्त्व आहे.

संकल्पनेचा इतिहास

अध्ययनातील पठाराचे पहिले सविस्तर वर्णन अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे विल्यम लोव ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी केले. तारायंत्रावर संदेश पाठवण्याचे आणि घेण्याचे कौशल्य कसे वाढते, याचा अभ्यास त्यांनी १८९७ आणि १८९९ मध्ये ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकातील दोन निबंधांत मांडला. शिकाऊ तारवाल्यांचा संदेश पाठवण्याचा वेग सातत्याने वाढत जाई. संदेश ऐकून घेण्याचा वेग मात्र काही काळ वाढून मग कित्येक आठवडे तेथेच राही आणि त्यानंतर पुन्हा वर चढे.

याचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण आजही वाचण्यासारखे आहे. शिकणारा आधी टिंब-रेघांतून एकेक अक्षर ओळखतो, नंतर सबंध शब्द आणि त्यानंतर वाक्यांश. खालच्या थरावरची ओळख पुरती अंगवळणी पडून तिच्याकडे लक्ष देण्याची गरज संपल्याखेरीज वरच्या थराचे कौशल्य वेगात उतरत नाही. पठाराच्या काळात काम चाललेले असते. ते मोजपट्टीवर दिसत नसते इतकेच.

पुढील संशोधकांनी हे चित्र जसेच्या तसे स्वीकारले नाही. विल्यम बुक यांनी १९०८ मध्ये टंकलेखनाच्या अभ्यासात अशा सपाट काळांचा संबंध उत्साह आणि अवधान यांतील ओहोटीशी जोडला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना मोर्स संकेत शिकवण्याच्या कामाचा अनुभव असलेले फ्रेड केलर यांनी १९५८ मध्ये तर पठार हे बव्हंशी आभासीच असल्याचे प्रतिपादन केले. तारायंत्रावरील नंतरच्या अभ्यासांत ते पुन्हा आढळत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. २०१७ मध्ये वेन ग्रे आणि जॉन लिंडस्टेट यांनी या चर्चेला वेगळे वळण दिले. अनेकांच्या गुणांची सरासरी काढली की वक्र गुळगुळीत दिसतो, पण एकेका व्यक्तीचा वक्र पाहिला तर त्यात पठारे, घसरणी आणि झेपा आढळतात, आणि व्यक्ती जुनी पद्धत सोडून नवी पद्धत आजमावू लागली की झेपेआधी बहुधा घसरण येते, असे त्यांनी दाखवले. प्रवेश परीक्षेच्या उमेदवाराला या साऱ्या संशोधनातील हा शेवटचा मुद्दा सर्वांत उपयोगी आहे.

परीक्षांची रचना

पठारावस्थेचे गांभीर्य परीक्षेनुसार बदलते. भारतीय व्यवस्थापन संस्थांमार्फत घेतली जाणारी कॅट वर्षातून एकदाच, सामान्यतः नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी होते आणि तिचे गुण त्या प्रवेश-वर्षापुरतेच चालतात. २०२० पासून ती १२० मिनिटांची असून तीन विभागांना प्रत्येकी ४० मिनिटे ठरवून दिलेली आहेत. एका विभागात वाचलेला वेळ दुसऱ्या विभागाला देता येत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात, बहुपर्यायी प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो, आणि ज्या प्रश्नांचे उत्तर टंकून द्यायचे असते त्यांना वजावट नसते. भारतीय विज्ञान संस्था आणि सात आयआयटी यांच्याकडे आळीपाळीने असणारी गेट परीक्षा तीन तासांची, ६५ प्रश्नांची आणि १०० गुणांची असते. तिचे गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात.

जीआरईचे मात्र तसे नाही. ती २१ दिवसांच्या अंतराने, बारा महिन्यांत पाच वेळांपर्यंत देता येते आणि तिचे गुण पाच वर्षे चालतात. एकाच दिवसावर वर्ष अवलंबून असलेला कॅटचा उमेदवार आणि तीन आठवड्यांनी पुन्हा बसू शकणारा जीआरईचा उमेदवार यांना सारखाच सल्ला देणे त्यामुळे योग्य ठरत नाही. अर्थात परीक्षा-शुल्काचा भार ज्याला जड जातो त्याच्यासाठी पाच संधी ही कागदावरचीच सोय असते.

गुण खरोखर थांबले आहेत का?

कोणतीही परीक्षा उमेदवाराची क्षमता नेमकी मोजत नाही, तिचा अंदाज देते. त्या अंदाजातील अपरिहार्य चुकीला ‘मापनाची प्रमाण त्रुटी’ म्हणतात. जीआरईच्या भाषिक आणि गणिती विभागांची गुणश्रेणी १३० ते १७० अशी आहे आणि त्यात ही त्रुटी दोन गुणांच्या आसपास असते. १२० ते १८० अशी श्रेणी असणाऱ्या एलसॅटमध्ये गुणांसोबत साधारण तीन गुण खाली ते तीन गुण वर असा पट्टाच दिला जातो. परीक्षा घेणारी संस्थाच जिथे स्वतःच्या आकड्याला पट्टा जोडते, तिथे एका सराव परीक्षेतील एका आकड्यावरून स्वतःविषयी निर्णय करणे धाडसाचे आहे.

कॅटच्या गुणपद्धतीत हा चढउतार किती मोठा असू शकतो, हे साध्या आकडेमोडीने समजते. समजा, एक उमेदवार गणित विभागातील १२ बहुपर्यायी प्रश्न सोडवतो आणि त्याचे प्रत्येक उत्तर बरोबर येण्याची शक्यता ७५ टक्के आहे. सरासरीने त्याची ९ उत्तरे बरोबर आणि ३ चूक येतील. गुण २७ वजा ३, म्हणजे २४. पण दर खेपेस नेमकी ९ उत्तरे बरोबर येत नाहीत. संभाव्यतेच्या नियमानुसार बरोबर उत्तरांच्या संख्येचे प्रमाण विचलन १.५ येते. एक उत्तर चुकीकडून बरोबरीकडे सरकले की ४ गुणांचा फरक पडतो, म्हणून गुणांचे प्रमाण विचलन ६ होते. तयारीत काडीचाही बदल झालेला नसताना त्याचे गुण तीनपैकी साधारण दोन वेळा १८ ते ३० यांच्या दरम्यान आणि एक वेळ त्याच्याही बाहेर पडतील. तिन्ही विभागांत अशीच स्थिती धरली तर एकूण गुणांची सरासरी ७२ आणि विचलन सुमारे १० येते. ६४ वरून ७८ वर गेलेला हुरळतो, ७८ वरून ६५ वर आलेला खचतो. दोघेही कदाचित होते तिथेच असतात.

याची दुसरी बाजू उमेदवाराला धीर देणारी आहे. दर सराव परीक्षेमागे एका गुणाची खरी सुधारणा होत असेल, तर आठ परीक्षांनंतर जमलेले आठ गुण हे एका परीक्षेच्या नैसर्गिक चढउतारापेक्षाही कमी भरतात. म्हणजे दोन-अडीच महिन्यांची प्रामाणिक प्रगती आकड्यांच्या गर्दीत सहज हरवते. त्यामुळे एकेक परीक्षा दुसरीशी ताडून पाहण्याऐवजी चार-चार परीक्षांची सरासरी ताडावी, असे सुचवले जाते; चारांची सरासरी घेतली की चढउतार निम्म्यावर येतो. फार चांगल्या गुणांनंतरचे गुण सहसा थोडे उतरतात आणि फार वाईट गुणांनंतरचे थोडे चढतात, हेही याच कारणाने घडते. फ्रान्सिस गॉल्टन यांनी आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीच्या अभ्यासातून १८८६ मध्ये दाखवलेली ही ‘सरासरीकडे परतण्याची’ प्रवृत्ती आहे. वाईट परीक्षेनंतर बोलणी खाल्ली आणि पुढच्या वेळी गुण वाढले की बोलणी लागू पडल्याचा समज होतो, तो बहुतेकदा खोटा असतो.

तुलनेचे आणखी दोन सापळे आहेत. वेगवेगळ्या प्रकाशकांच्या किंवा वर्गांच्या सराव परीक्षा सारख्या कठीण नसतात. एकीतील ७० आणि दुसरीतील ७० यांचा परस्परांशी संबंध लागत नाही. जीआरईच्या उमेदवारांनी परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्याच ‘पॉवरप्रेप’ चाचण्या शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवाव्यात, हा सल्ला याच कारणाने दिला जातो. दुसरा सापळा पर्सेंटाइलचा. पर्सेंटाइल हे स्वतःच्या प्रगतीचे नव्हे, तर इतरांच्या तुलनेतील स्थानाचे माप आहे. परीक्षा जवळ येईल तसा सराव परीक्षा देणाऱ्यांचा गट बदलतो आणि टिकून राहिलेल्यांची तयारीही वाढते. अशा गटात पर्सेंटाइल स्थिर राखायलाही पुढे जावे लागते.

कारणे

वरील हिशेब करूनही सहा-आठ परीक्षांची सरासरी सपाटच राहिली, तर कारण तयारीत शोधावे लागते.

सर्वांत सामान्य कारण म्हणजे सोडवलेल्या प्रश्नांची संख्या आणि अचूकता यांतील ओढाताण. वरच्या उदाहरणातील उमेदवार १२ ऐवजी १६ प्रश्नांना हात घालू लागला आणि वाढीव चार प्रश्नांत एकच बरोबर आला, तर त्याची १० उत्तरे बरोबर आणि ६ चूक होतील. गुण ३० वजा ६, म्हणजे पुन्हा २४. त्याला मात्र आपण अधिक प्रश्न सोडवले, अधिक घाम गाळला, एक उत्तर वाढवले, असे वाटते आणि ते खरेही असते. कॅटमध्ये चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडण्याचे अपेक्षित मूल्य बरोबर शून्य आहे. गेटमधील एका गुणाच्या प्रश्नालाही, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा होत असल्याने, तेच लागू पडते. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तरच पारडे उमेदवाराकडे झुकते. याउलट महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत वजावट नसल्याने प्रश्न कोरा सोडणे हेच नुकसान आहे. दोन्ही परीक्षांची तयारी एकदम करणारे अनेकजण एकीची सवय दुसरीत नेतात आणि दोन्हीकडे अडकतात.

दुसरे कारण ओळखीच्या भ्रमाचे. चुकलेल्या प्रश्नाचे उत्तर वाचले, पायऱ्या पटल्या, ‘हे तर येत होते’ असे म्हणून पान उलटले, की तो प्रश्न आला असे मानले जाते. वाचून पटणे आणि कोऱ्या कागदावर सुचणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत अधिक आठवले. आठवडाभरानंतर मात्र वाचण्याऐवजी आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी पुढे होते. दृक्‌श्राव्य तासिका पाहत अभ्यास करण्याच्या काळात हा भ्रम आणखी वाढला आहे. कुशल शिक्षकाने फळ्यावर सोडवलेले उदाहरण पाहताना अवघड असे काहीच वाटत नाही.

तिसरे कारण प्रकरणवार सराव. ‘काळ-काम-वेग’ या प्रकरणातील चाळीस उदाहरणे ओळीने सोडवताना कोणती रीत वापरायची, हा प्रश्नच उद्भवत नाही. परीक्षेत मात्र तोच पहिला प्रश्न असतो. डग रोरर आणि केली टेलर यांच्या २००७ मधील प्रयोगात घनफळाची उदाहरणे प्रकारवार सोडवणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सरावाच्या वेळी ८९ टक्के आणि मिश्र क्रमाने सोडवणाऱ्यांना ६० टक्के यश मिळाले. आठवड्यानंतरच्या चाचणीत मिश्र सराव केलेल्यांचे यश ६३ टक्के राहिले, प्रकारवार सराव केलेल्यांचे २० टक्क्यांवर आले. सरावात सुख देणारी पद्धत परीक्षेत दगा देते. घरच्या अभ्यासात उत्तरे भराभर येतात आणि मॉकमध्ये येत नाहीत, ही तक्रार यातून उलगडते.

चौथे कारण वाचनाचे, आणि मराठी माध्यमातून आलेल्या उमेदवारांना ते विशेष जाणवते. कॅट आणि गेट यांच्या प्रश्नपत्रिका इंग्रजीत असतात. कॅटच्या भाषिक विभागात तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, अर्थशास्त्र अशा विषयांवरील उतारे येतात. वाक्य मनात मराठीत आणून मग अर्थ लावणारा वाचक ब्रायन आणि हार्टर यांच्या अक्षरे ओळखणाऱ्या तारवाल्याच्या जागी असतो. त्याला उतारा समजतो. चाळीस मिनिटांत सगळे उतारे समजून घेणे होत नाही. अशा उमेदवाराने आणखी सराव परीक्षा देऊन फारसे काही साधत नाही. रोज तासभर, विषय आवडो न आवडो, सलग वाचन करणे हाच त्यावरचा मार्ग आहे आणि त्याचे फळ आठवड्यांत नव्हे, महिन्यांत दिसते. शब्दांच्या याद्या पाठ करण्यावर या टप्प्यात खर्च होणारा वेळ बव्हंशी वाया जातो. अडचण एकेका शब्दाची नसून लांब वाक्य एका दमात पकडण्याची असते. अनेकांच्या बाबतीत हे पठार खरे पठार असते, म्हणजे त्यापुढे चढण असते. पण तोवर धीर टिकत नाही.

आकडेमोडीच्या बाबतीतही हेच. जुन्या मराठी शाळांत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेत. त्यातील रुक्षपणाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते अयोग्य नाही. तरीही १६ ची पाऊणपट १२ हे ज्याला विचार न करता येते, त्याचे लक्ष प्रश्नाच्या रचनेसाठी मोकळे राहते, हेही तितकेच खरे. कॅटमध्ये पडद्यावर गणनयंत्र मिळते. त्यावर बोट ठेवण्यात जाणारे दहा-बारा सेकंद २२ प्रश्नांत साठत जातात.

उपाय

बहुतेक मार्गदर्शक ज्या एका साधनावर एकमताने भर देतात ते म्हणजे चुकांची वही. तिचे मोल ती कशी ठेवली जाते यावर अवलंबून आहे. नुसता प्रश्न आणि बरोबर उत्तर उतरवलेली वही पुन्हा उघडली जात नाही. उपयोगी वहीत चूक का झाली, हे एका वाक्यात आणि प्रामाणिकपणे लिहिलेले असते: संकल्पनाच ठाऊक नव्हती, ठाऊक होती पण इथे लागू पडते हे ओळखता आले नाही, प्रश्नातील ‘नाही’ वाचायचे राहिले, हातचा विसरला, किंवा प्रश्न मुळात सोडायला हवा होता. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द या वहीत वर्ज्य मानावा, कारण त्याच्या पोटात चार निरनिराळ्या चुका लपतात आणि एकीवरही इलाज होत नाही. तीस-चाळीस नोंदी झाल्या की एखादे कारण इतरांहून ठळकपणे वर येते. ते पुष्कळदा उमेदवाराने धरून ठेवलेल्या कारणापेक्षा वेगळे निघते.

निदानाची दुसरी रीत एलसॅटच्या उमेदवारांत विशेष प्रचलित आहे. परीक्षा संपल्यावर उत्तरसूची न पाहता, घड्याळ बाजूला ठेवून, शंका असलेले आणि सोडून दिलेले प्रश्न पुन्हा सोडवायचे आणि मगच दोन्ही खेपांची उत्तरे तपासायची. वेळेच्या बंधनात ९ आणि बंधनाविना १५ उत्तरे बरोबर आली, तर ज्ञान आहे, निवड आणि वेग कमी पडतो. दोन्ही वेळा ९ च आली, तर मूळ पुस्तकाकडे परतणे भाग आहे. अशा उमेदवाराने आणखी दहा मॉक देणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. या रीतीला वेळ लागतो. दोन तासांच्या परीक्षेचे विश्लेषण तीन-चार तास चालू शकते, आणि म्हणूनच ते टाळले जाते. आठवड्याला चार मॉक देणारा उमेदवार कष्टाळू दिसतो. एक मॉक देऊन तिचे पीठ पाडणारा तितका दिसत नाही.

निवडीचा प्रश्न असेल तर सराव निवडीचाच करावा लागतो. कॅटच्या तर्क आणि माहिती-अन्वय विभागात चार-पाच संच असतात. पहिली पाच-सहा मिनिटे कोणताही संच न सोडवता केवळ कोणता घ्यावा हे ठरवण्यात घालवणे सुरुवातीला जिवावर येते. जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन फक्त संच निवडायचे आणि नंतर निवड बरोबर होती का ते ताडायचे, असा स्वतंत्र सराव करता येतो.

पद्धत बदलली की गुण आधी उतरण्याची शक्यता असते, हे ग्रे आणि लिंडस्टेट यांच्या निष्कर्षावरून आधीच धरून चालावे. कमी प्रश्न, अधिक अचूकता असा बदल केलेला उमेदवार पहिल्या दोन मॉकमध्ये घसरला की घाबरून जुन्या सवयीकडे वळतो आणि पठारावर परत येतो. नव्या पद्धतीला निदान चार-पाच परीक्षांची मुदत द्यावी. याच कारणाने परीक्षेला दोन-तीन आठवडे उरले असताना पद्धत बदलू नये. त्या काळात घसरण पदरी पडते आणि झेप परीक्षेनंतर येते.

मानसिक आणि कौटुंबिक बाजू

अडकलेले गुण हा बहुतेकांसाठी केवळ अभ्यासाचा प्रश्न राहत नाही. नोकरी सोडून किंवा ‘ड्रॉप’ घेऊन तयारी करणाऱ्याच्या मागे घरातून काढून दिलेले पैसे असतात, लहान भावंडांचे शिक्षण असते. मुलींना ‘आणखी एक वर्ष’ मागणे मुलांपेक्षा अवघड जाते. त्या वर्षाची किंमत स्थळांच्या भाषेत मोजली जाते. मॉकच्या निकालासोबत येणारी क्रमवारी मित्रमंडळींत फिरते आणि रविवारचा आकडा पुढचा आठवडा ठरवू लागतो. गुण सांगावे लागू नयेत म्हणून मॉकच टाळणे, घरी खोटा आकडा सांगणे, मध्यरात्रीपर्यंत जागून दुसऱ्या दिवशी काहीच न आठवणे, या गोष्टी आळशीपणाच्या नसून थकव्याच्या आणि भीतीच्या खुणा असतात. झोप तोडून मिळवलेले तास बहुधा तोट्याचेच ठरतात, कारण दिवसा शिकलेले पक्के होण्यात झोपेचा वाटा मोठा आहे.

झोप उडणे, जेवणावरची वासना जाणे, जगणे निरर्थक वाटणे अशी लक्षणे टिकून राहिल्यास तो अभ्यासतंत्राचा विषय उरत नाही. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ या निःशुल्क सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी समुपदेशकाशी बोलता येते. पालकांच्या बाजूने सर्वांत परिणामकारक गोष्ट फार साधी आहे: दर मॉकनंतर आकडा न विचारणे.

थांबण्याचा निर्णय

काही वेळा पठार हे त्या उमेदवाराचे, त्या परीक्षेतील, त्या वर्षीचे खरे उंचीचे माप असते. हे मान्य करणे मार्गदर्शक वर्गांच्या सोयीचे नसल्याने त्याविषयी कमी बोलले जाते. अशा वेळी आणखी चार गुणांनी प्रत्यक्षात काय बदलते, हे पाहावे लागते. व्यवस्थापन संस्थांच्या निवडीत कॅटच्या गुणांखेरीज दहावी, बारावी व पदवीचे गुण, कामाचा अनुभव आणि मुलाखत यांनाही वजन असते, आणि ते संस्थेगणिक बदलते. २०२० नंतर परदेशातील अनेक विद्यापीठ विभागांनी जीआरई ऐच्छिक केली. तिथे तीन गुणांसाठी दोन महिने देण्यापेक्षा उद्देशपत्र आणि शिफारसपत्रे यांकडे लक्ष दिलेले बरे. गेटचे गुण तीन वर्षे चालत असल्याने हाती आलेले गुण घेऊन नोकरी स्वीकारणे आणि प्रवेशाचा विचार पुढील वर्षी करणे, हा मार्गही खुला असतो.

हेतुपूर्वक सरावाने कोणतेही पठार ओलांडता येते, या लोकप्रिय मताचा आधार अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या १९९३ च्या अभ्यासात आहे. ब्रुक मॅकनमारा, डेव्हिड हॅम्ब्रिक आणि फ्रेडरिक ऑस्वाल्ड यांनी २०१४ मध्ये अशा अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. व्यक्ती-व्यक्तींमधील कामगिरीच्या फरकापैकी हेतुपूर्वक सरावामुळे उलगडणारा भाग खेळांच्या डावांत, उदा. बुद्धिबळात, २६ टक्के, संगीतात २१ टक्के आणि मैदानी क्रीडांत १८ टक्के आढळला. शिक्षणात तो ४ टक्के होता. हेतुपूर्वक सराव कशाला म्हणावे यावर एरिक्सन यांनी या निष्कर्षाला आक्षेप घेतला आणि हा वाद मिटलेला नाही. शिक्षणातील सरावाची मोजदाद बहुतेकदा अभ्यासाच्या तासांवरून केली जाते. उमेदवाराच्या वेळापत्रकातही तीच मोजली जाते. त्या तासांत काय केले, याची नोंद क्वचितच असते.